व्हेनुसिया: हॅनिबलपुढे झुकलं नाही, मग रोमवरच का उलटलं?

रिकामटेकडा_७

नमस्कार मंडळी. सध्या रोमन इतिहासाचं वाचन चाललंय आणि एका गावापाशी गाडी अडकून पडलीये. गावाचं नाव व्हेनुसिया, आजचं व्हेनोसा, दक्षिण इटलीत बासिलिकाता भागात. दोन ओढ्यांच्या मधल्या उंच सोंडेवर वसलेलं, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, मागे व्हुल्तुरे नावाचा विझलेला ज्वालामुखी. कवी होरेस इथलाच, एवढं बऱ्याच जणांना माहीत असेल.

तर माझा घोळ असा आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनेच्या लढाईत रोमचा शत्रू कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमची पार धूळधाण केली, तेव्हा वाचलेला कॉन्सुल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) व्हॅरो मूठभर घोडेस्वार घेऊन पळाला तो थेट व्हेनुसियात (इतिहासकार लिव्ही पन्नास स्वार म्हणतो, दुसरा इतिहासकार पॉलिबियस सत्तर). मागून शेतांतून रानांतून भरकटत आलेले साडेचार हजार सैनिक तिथे जमा झाले, आणि गावाने काय करावं, तर त्यांना घरोघरी वाटून घेतलं, कपडे दिले, ज्याच्याकडे हत्यार नाही त्याला हत्यार दिलं, घोडेस्वाराला पंचवीस चांदीची नाणी आणि पायदळवाल्याला दहा!! शेजारच्या कॅनुसियममध्ये बूसा नावाची एक श्रीमंत बाई एकटीच्या खर्चाने बाकीच्या सैनिकांना पोसत होती, तर एका बाईपुढे अख्खं गाव कमी पडायला नको म्हणून ह्यांनी चढाओढ लावली असं लिव्ही सांगतो. सगळीकडे घर फिरलं की वासे फिरतात तसं चाललेलं, कापुआसारखी शहरं हॅनिबलला जाऊन मिळत होती, आणि हे गाव मात्र हललं नाही.

आणि मग सव्वाशे वर्षांनी, इ.स.पू. ९१ ला इटलीतल्या मित्रराष्ट्रांनी रोमविरुद्ध बंड केलं त्या युद्धात जेवढ्या म्हणून लॅटिन कॉलन्या (रोमने वसवलेली गावं) होत्या त्या सगळ्या रोमच्या बाजूला राहिल्या, फक्त एक सोडून. ती एक म्हणजे व्हेनुसिया.

असं काय बिनसलं? पुस्तकात एका ओळीत उरकलंय, "अपवाद व्हेनुसियाचा", आणि पुढे चालू. मला तो अपवादच समजून घ्यायचाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खापरीचा_तुकडा

चांगला प्रश्न काढलात. पण आधी "लॅटिन कॉलनी" म्हणजे काय ते नीट धरा, नाहीतर पुढचं सगळं घसरतं.

व्हेनुसिया इ.स.पू. २९१ मध्ये वसवली. रोमचं सॅम्नाइट जमातींशी तिसरं युद्ध संपत आलेलं, पोस्तुमियस मेगेलस नावाच्या कॉन्सुलने हे ठाणं जिंकलं आणि रोमने लगेच तिथे वसाहत केली. हॅलिकार्नाससचा इतिहासकार डायोनिसियस म्हणतो वीस हजार माणसं पाठवली, जे बहुतेक अभ्यासकांना पटत नाही कारण त्या काळातल्या वसाहती अडीच ते सहा हजार कुटुंबप्रमुखांच्या असायच्या. गंमत म्हणजे ज्याने जिंकलं त्या पोस्तुमियसला वसाहत स्थापन करणाऱ्या मंडळात घेतलंच नाही, राजकारण तेव्हाही तेच.

जागा बघा कुठली निवडली ती. एका बाजूला अपुलिया, एका बाजूला लुकानिया, वर सॅम्नियम, तिघांच्या सांध्यावर. नंतर अप्पिया रस्ता तारेंतमकडे नेला तो ह्याच गावावरून. म्हणजे हे गाव नव्हतंच मुळात, ती पाचर होती, परक्या मुलखात ठोकलेली.

आणि तिथे जायला तयार झालेल्या रोमन माणसाने काय सोडलं? आपलं रोमन नागरिकत्व. जमीन मिळाली पण तुम्ही आता "लॅटिन", रोमन नाही. रोमनांशी व्यापार करू शकता, लग्न करू शकता, पण मत जवळजवळ नाही आणि लढाईला मात्र दरवर्षी माणसं द्यायची, त्यांचा पगारही गावाच्या खिशातून. सुरुवातीला हा सौदा कुणाला खटकला नाही कारण रोमन नागरिकत्वाला तेव्हा भाव फारसा नव्हता आणि जमिनीला होता. दीडशे वर्षांत हे गणित उलटंपालटं झालं. इ.स.पू. १६७ पासून तर रोमन नागरिकांचा थेट युद्धकरही बंद झाला, मित्रगावांचा खर्च मात्र चालूच.

आता माझं मत. व्हेनुसियातली माणसं हळूहळू तिथल्या मातीची झाली. दीडशे वर्षं म्हणजे पाच-सहा पिढ्या, बायका कुठून आणणार, मजूर कुठून आणणार, सगळे आजूबाजूचेच, ऑस्कन भाषा बोलणारे. आणि ही देवाणघेवाण दोन्हीकडून होती. जवळच बांतिया नावाचं गाव आहे, तिथला कायदा कोरलेला काशाचा पत्रा १७९० मध्ये सापडला, एका बाजूला लॅटिन कायदा आणि दुसऱ्या बाजूला ऑस्कन भाषेतला पण लॅटिन लिपीतला. त्या ऑस्कन मजकुरात अधिकाऱ्यांची नावं वाचा, सेन्सॉर, क्वेस्टर, ट्रिब्यून, सगळी रोमन पद्धतीची. हे रोमहून आलं नसणार, शेजारच्या व्हेनुसियाकडून उचललं असणार असंच बहुतेक लोक मानतात. म्हणजे बाजाराला, जत्रेला, सोयरिकीला एकत्र असलेली गावं ही. मग ९१ मध्ये ह्या शेजारच्या जमाती, लुकानियन उठले, हिर्पिनी उठले, सॅम्नाइट उठले, तर व्हेनुसियाने कुणावर तलवार धरायची, मेव्हण्यावर?

---

लॅटिनवाली

खापरी दादांचं बरंचसं पटतं पण सोयरिकीने बंड होत नाही हो. सोयरिकी बाकीच्या कॉलन्यांतही होत्याच की. राग लागतो. आणि व्हेनुसियाच्या रागाची एक गोष्ट नोंदलेली आहे, ती इथे कुणीच कशी काढली नाही?

गायस ग्रॅकसचं भाषण. इ.स.पू. १२३-१२२ ला ट्रिब्यून (सामान्य लोकांचा निवडलेला अधिकारी) होता, लॅटिन लोकांना नागरिकत्व द्या म्हणून झगडत होता. त्याचं अख्खं भाषण गेलं, पण पुढे इ.स. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या लेखकाने त्यातले तुकडे उतरवून ठेवले म्हणून आपल्याला मिळाले.

तर झालं असं. आशियातून एक तरुण पोरगा येत होता, रोमचा प्रतिनिधी म्हणून पाठवलेला, अजून एकही पद भूषवलेलं नाही. पालखीत आडवा पडून चाललाय. व्हेनुसियाच्या मुलखात समोरून एक गुराखी आला, गावातला साधा गरीब माणूस. आत कोण आहे त्याला काय माहीत. त्याने आपलं गमतीत विचारलं, "काय रे, मढं नेताय काय?" बस्स. एवढंच बोलला. आतल्या साहेबाने ऐकलं, पालखी खाली ठेवायला लावली, पालखीला बांधलेले पट्टे सोडवायला लावले आणि त्या पट्ट्यांनी गुराख्याला मारायला सांगितलं, जीव जाईपर्यंत. आणि तो गेला.

आता ही गोष्ट नुसती क्रूर म्हणून सोडून देऊ नका. रोमन नागरिकाला असं मारता येत नव्हतं, त्याला लोकांपुढे दाद मागायचा हक्क होता, फटक्यांविरुद्ध कायदे होते. आणि ह्या गुराख्याचा खापरपणजोबा कदाचित रोमन नागरिकच असेल, जमिनीसाठी हक्क सोडून इथे आलेला! ग्रॅकस तेच दाखवत होता, की एका शब्दासाठी ज्याला ठार मारलं तो परका शत्रू नव्हता, कॅनेनंतर ज्या गावाने तुमच्या हरलेल्या पोरांना घरात घेतलं त्या गावचा होता (ही जोड माझी आहे, ग्रॅकसची नाही, पण ऐकणाऱ्यांना आठवलंच असणार).

त्याच भाषणात अजून एक किस्सा आहे. तेआनुम गावात कॉन्सुलच्या बायकोला पुरुषांच्या स्नानगृहात आंघोळ करायची हुक्की आली. लोकांना बाहेर काढून जागा रिकामी केली, पण बाईसाहेब म्हणाल्या उशीर झाला आणि नीट साफही नव्हतं. झालं, भर चौकात खांब रोवला आणि गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला कपडे उतरवून त्याला बांधून फोडून काढलं. हे ऐकून शेजारच्या कालेस गावाने फतवाच काढला की रोमन अधिकारी गावात असताना कुणीही स्नानगृहाकडे फिरकायचं नाही. कालेस पण लॅटिन कॉलनीच बरं का.

ग्रॅकसचा प्रस्ताव फसला, १२१ मध्ये तो मारला गेला. आणि १२५ चं फ्रेगेल्लेही विसरू नका. हॅनिबलच्या काळात, इ.स.पू. २०९ ला, तीसपैकी बारा लॅटिन कॉलन्यांनी हात वर केले होते, आता माणसं नाहीत पैसे नाहीत म्हणून. तेव्हा बाकीच्या अठरा कॉलन्यांतर्फे सिनेटपुढे उभा राहून "पाहिजे तेवढं देऊ, वर अजूनही देऊ" असं सांगणारा माणूस फ्रेगेल्लेचा होता, आणि त्या अठरांत व्हेनुसियाही होती. त्याच फ्रेगेल्लेने १२५ मध्ये बंड केलं तर ओपिमियसने गाव जमीनदोस्त केलं. कामापुरता मामा म्हणजे काय ते ह्यांच्याकडून शिकावं.

---

नकाशेवाला

ताई, गोष्ट जबरदस्त सांगितलीत, पण एक शंका. गुराख्याची गोष्ट बंडाच्या तीस वर्षं आधीची आहे. तीस वर्षं कुणी राग धरून बसतं का? आणि बाकीच्या कॉलन्यांवर काही कमी अन्याय झाला नव्हता, तुम्हीच कालेसचं सांगितलंत, ते कुठे उठलं?

माझ्या मते नकाशा उघडा, उत्तर तिथेच आहे. उत्तरेला हिर्पिनी, दक्षिणेला लुकानियन, दोघेही बंडात. पूर्वेला कॅनुसियमही गेलं. इतिहासकार अॅपियन सांगतो की युदाकिलियस नावाचा बंडखोर सेनापती अपुलियात उतरला तेव्हा कॅनुसियम, व्हेनुसिया आणि बरीच गावं त्याला मिळाली, आणि ज्यांनी विरोध केला त्यांना त्याने वेढा घालून घेतलं, तिथल्या बड्या रोमनांना मारलं आणि सामान्य लोकांना नि गुलामांना आपल्या सैन्यात भरती केलं. म्हणजे पर्याय काय होते बघा. रोमचं सैन्य मदतीला येणार कुठून? गावाने डोकं चालवलं आणि दरवाजे उघडले, इतकं साधं आहे ते.

---

खापरीचा_तुकडा

नकाशेवाले, मग एसेर्नियाचं काय करायचं? तीही लॅटिन कॉलनी, तीही ऐन सॅम्नाइटांच्या मुलखात, चारी बाजूंनी बंडखोर. तिने दरवाजे नाही उघडले. वेढ्यात उपासमारीने माणसं मेली, तिथले दोन रोमन अधिकारी गुलामांचे कपडे घालून निसटले असं अॅपियनच सांगतो, आणि शेवटी गाव पडलं ते अन्न संपलं म्हणून. म्हणजे नकाशा सारखा असून दोन गावं दोन रीतींनी वागली. नकाशा कारण असेल पण पुरेसं नाही.

शिवाय अॅपियन सुरुवातीला बंड केलेल्या लोकांची यादी देतो त्यात मार्सी, पेलिग्नी, सॅम्नाइट, लुकानियन ह्यांच्या जोडीला "व्हेनुसियाचे लोक" असं वेगळं नाव आहे. बाकी सगळ्या जमाती आणि अख्खी लोकं, मधेच पॉम्पेईसारखं एखादं गाव आणि व्हेनुसिया. जबरदस्तीने ओढलेल्या गावाचं नाव असं बंडखोरांच्या पंगतीत मांडलं असतं का? मला तरी वाटत नाही.

---

नकाशेवाला

एसेर्नियाचा मुद्दा मान्य, तो चांगला आहे. पण एक फरक उरतोच. एसेर्नियात रोमन अधिकारी आत होते, शिबंदी होती, त्यांनी गावाला धरून ठेवलं. व्हेनुसियात तशी शिबंदी असल्याचा उल्लेख मला कुठे दिसत नाही. आत कुणी पकडून ठेवणारं नसलं की गावातल्या लोकांचं मन जिकडे तिकडे गाव.

---

लॅटिनवाली

मग तेच तर म्हणतेय मी! लोकांचं मन कुठे होतं?? तीस वर्षं राग धरत नाही म्हणता, पण अहो, तो राग एका गुराख्याचा नव्हता, तो रोज नवा होत होता, दरवर्षी सैन्यात माणसं जायची, लूट आणि जमीन वाटताना रोमनांना झुकतं माप, आणि ९१ मध्ये ट्रिब्यून लिव्हियस द्रूसुसने पुन्हा नागरिकत्वाची आशा दाखवली तर त्याला घरातच भोसकलं. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगते. लॅटिन गावांतल्या वरच्या लोकांना, म्हणजे जे गावात पद भूषवायचे त्यांना, रोमन नागरिकत्व मिळायची सोय तेव्हापर्यंत झालेली होती असं मानतात. ही रोमची चलाखी, पुढाऱ्यांना आत घ्यायचं म्हणजे गाव आपोआप गप्प. बहुतेक कॉलन्यांत ते जमलं. व्हेनुसियात का नाही जमलं हा खरा प्रश्न आहे आणि तिथे खापरी दादांचं शेजारपाजाराचं कारण बसतं. पुढारी रोमकडे, गाव शेजाऱ्यांकडे, आणि ह्या वेळी गाव भारी पडलं.

---

नाणेवाला

थोडं अवांतर पण उपयोगी. व्हेनुसिया इ.स.पू. तिसऱ्या शतकात स्वतःची काशाची नाणी पाडत होती, त्यांवर व्ही आणि ई ही लॅटिन अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात, गावाच्या नावाची सुरुवात. म्हणजे आपण वेगळं, स्वतंत्र शहर आहोत हा अभिमान होता. बंडातली नाणी बघाल तर कुठल्याही एका गावाची नाहीत, सगळ्यांची मिळून, काहींवर लॅटिनमध्ये "इतालिया", काहींवर ऑस्कनमध्ये "व्हितेलिऊ". एका प्रकारात बैल लांडगीला शिंगाने खाली दाबतोय. लांडगी म्हणजे रोम हे सांगायला नकोच. राजधानी कोर्फिनियम, तिचं नाव बदलून इतालिका ठेवलेलं. लोकांना नागरिकत्व हवं होतं म्हणता ना, मग हे नाणं बघून वाटतं की निदान काहींना ते नको झालं होतं, त्यांना आता रोमच नको होतं.

---

रिकामटेकडा_७

सगळ्यांचे आभार, डोकं भणभणलं पण मजा आली. गुराख्याची गोष्ट तर डोक्यातून जाईना. मग पुढे गावाचं काय झालं? रोमने फ्रेगेल्लेसारखं सपाट केलं का? आणि होरेसचा जन्म इ.स.पू. ६५ चा, म्हणजे ह्या सगळ्यानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी, त्याचा बाप ह्या भानगडीत सापडला असणार ना?

---

लॅटिनवाली

सपाट नाही केलं. इ.स.पू. ८८ मध्ये रोमन सेनापती मेटेलस पियसने व्हेनुसिया घेतली, इतिहासकार डायोडोरस म्हणतो तीन हजारांहून जास्त कैदी सापडले. एकट्या गावातून तीन हजार, लक्षात घ्या. आणि तोवर वरातीमागून घोडं आलेलंच होतं, इ.स.पू. ९० मध्ये कायदा करून एकनिष्ठ राहिलेल्या लॅटिनांना रोमने नागरिकत्व देऊन टाकलं. जे आधी मागून मिळालं नाही ते रक्त सांडल्यावर देऊ केलं. युद्ध संपल्यावर व्हेनुसियाही रोमन नागरिकांचं गाव झालीच. म्हणजे हरलेलं गाव आणि जिंकलेली मागणी.

होरेसच्या बापाबद्दल तुमचा नेम बरोबर लागलाय. होरेस स्वतः सरळ सांगतो, मी मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, लोक त्यावरून मला टोचतात. बाप मूळचा कोण हे तो सांगत नाही. काही अभ्यासकांचा तर्क असा की तो ८८ मध्ये पकडलेल्या कैद्यांपैकीच असावा, म्हणजे जन्माने गुलाम नाही, इथलाच माणूस, बंडात सापडला, काही वर्षं गुलामीत काढली आणि सुटला. तारखा जुळतात, पुरावा नाही. दुसरा तर्क म्हणजे तो गावाच्या मालकीचा गुलाम असावा, कारण व्हेनुसियाचे नागरिक मतदानासाठी ज्या गटात घातले होते त्याचं नाव होरातिया, तिथून हे आडनाव. मला पहिला जास्त आवडतो पण आवडणं हे काही प्रमाण नाही.

ह्या बापाचं एक वर्णन होरेसने लिहिलंय ते वाचताना गाव डोळ्यासमोर येतं. गावात फ्लॅव्हियस नावाच्या मास्तरची शाळा. तिथे जायची ती धिप्पाड सेंच्युरियनांची (रोमन सैन्यातल्या तुकडीप्रमुखांची) धिप्पाड पोरं, डाव्या खांद्यावर पाटी आणि दप्तर लटकवून, महिन्याच्या मध्याला आठ तांब्याची नाणी फी घेऊन. होरेसच्या बापाकडे एक छोटंसं नापीक शेत, लिलावात पैसे गोळा करायचं काम, पण त्याने पोराला ह्या शाळेत घालायचं नाकारलं आणि थेट रोमला नेलं, सिनेटरांची पोरं शिकतात ते शिकायला. स्वतः बरोबर राहिला, प्रत्येक शिक्षकाकडे स्वतः सोबत जायचा. ज्या गावाने गुराख्याचा जीव जाताना बघितला त्या गावातल्या बापाला कळलं होतं की पोराला वाचवायचं तर कुठे न्यायचं.

बरं, एवढं करून पुढे काय? इ.स.पू. ४३ मध्ये त्रिकुटाने (अँटनी, ऑक्टेव्हियन, लेपिडस) आपल्या सैनिकांना जमिनी द्यायचं कबूल केलं त्या अठरा शहरांच्या यादीत पुन्हा व्हेनुसिया! होरेस तर त्या त्रिकुटाविरुद्ध ब्रूटसच्या बाजूने फिलिपीला लढला आणि हरला, परत येऊन बघतो तर बापाचं घर गेलेलं, शेत गेलेलं. गरिबीने धीट केलं म्हणून कविता लिहायला लागलो असं तो म्हणतो.

---

खापरीचा_तुकडा

एक बारीक भर. २१६ चा तो पळून आलेला व्हॅरो आठवतोय ना? युद्धात व्हेनुसियाची इतकी माणसं गेली की इ.स.पू. २०० मध्ये नवे वसाहतवाले पाठवावे लागले, आणि ते काम ज्या तिघांवर सोपवलं त्यातला एक खुद्द व्हॅरो! ज्या गावाने जीव वाचवला तिथे सोळा वर्षांनी तोच नवी कुटुंबं घेऊन आला. म्हणजे ९१ मध्ये बंड करणाऱ्यांत व्हॅरोने नोंदवलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडंही असणार. म्हणून "जुनी रोमन कुटुंबं संपली आणि गाव पूर्ण ऑस्कन झालं" असं कुणी म्हणत असेल तर ते मला टोकाचं वाटतं. मी मिसळण म्हणालो होतो, बदलून टाकलं असं नाही.

---

आडवाट

मी जाऊन आलोय व्हेनोसाला, म्हणून लिहितो. इथे तुम्ही दरवाजे उघडले का नाही यावर भांडताय, तिथे गेल्यावर पहिलं जाणवतं ते गावाची बसण्याची तऱ्हा. दोन्ही बाजूंना दरी, सोंडेवर गाव, वर यायला सोपी वाट एकाच बाजूने. वेढा घालायला त्रासदायक जागा आहे ही, नकाशेवाल्यांनी विचार करावा. लढायचंच असतं तर बराच काळ टिकता आलं असतं.

रोमन अवशेष गावाच्या कडेला आहेत, स्नानगृह, घरांची जोती, रस्त्याचे दगड, आणि अँफीथिएटर. अँफीथिएटरचा सांगाडाच उरलाय कारण दगड गेले शेजारच्या चर्चमध्ये. तिथे त्रिनिता नावाचा मठ आहे, त्याच्या मागे नॉर्मन काळात एक प्रचंड चर्च बांधायला घेतलं आणि ते कधी पूर्णच झालं नाही, लोक त्याला "इनकोम्प्युता" म्हणतात. छप्पर नाही, आत गवत. भिंती नीट बघा. एखादा दगड उलटा बसवलाय आणि त्यावर लॅटिन अक्षरं, दुसरीकडे कुणाच्या तरी थडग्यावरचे चेहरे सरळ भिंतीत चिणलेले. गवंड्याला अक्षरांशी काही घेणंदेणं नव्हतं, दगड चौकोनी आहे ना, मग बसवा. मी दोन तास तिथेच डोकं वाकडं करून वाचत बसलो आणि मान धरली.

गावाबाहेर टेकडीत ज्यू लोकांची भुयारी दफनभूमी आहे, १८५३ मध्ये सापडली. इ.स. चौथ्या ते सहाव्या शतकातली. हिब्रू, ग्रीक, लॅटिन तिन्ही भाषांतले लेख. त्यात फाउस्तिना नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचा लेख आहे, आईबापांची एकुलती एक, तिच्यासाठी दोन "अपोस्तोली" आणि दोन रब्बींनी विलापगीतं म्हटली असं लिहिलंय. लॅटिन मोडकंतोडकं आहे, पण म्हणूनच खरं वाटतं. बंडाच्या पाच-सहाशे वर्षांनंतर ह्याच गावात किती प्रकारची माणसं राहत होती बघा.

मार्सेलसचं थडगं म्हणून एक अवशेष दाखवतात, इ.स.पू. २०८ मध्ये कॉन्सुल मार्सेलस व्हेनुसिया आणि बांतियाच्या मधल्या झाडीत हॅनिबलच्या सापळ्यात मारला गेला तो. ते थडगं त्याचं असायचं काही कारण नाही, बांधकाम नंतरचं दिसतं, पण गाववाले प्रेमाने दाखवतात, आपणही प्रेमाने बघावं.

---

नकाशेवाला

आडवाट भाऊ, दरीचा मुद्दा घेतला. म्हणजे उपाशी मरायची भीती असेल पण एका झटक्यात पडायची नव्हती. ठीक आहे, "नाइलाजाने" हा शब्द मागे घेतो, "पटलं म्हणून, आणि परिस्थितीही तशीच होती म्हणून" असं म्हणतो. ह्यापेक्षा जास्त मी झुकणार नाही :)

---

लॅटिनवाली

चालेल, तेवढं पुरे! आणि रिकामटेकडे, तुम्ही पुढे वाचणारच असाल तर रोमन वक्ता नि पुढारी सिसेरोचं इ.स.पू. ४७ च्या १ ऑक्टोबरचं पत्र जरूर वाचा, व्हेनुसियाच्या मुलखातून बायकोला लिहिलेलं. जेमतेम चार ओळी. आम्ही अमुक दिवशी पोचतोय, बरोबर माणसं असतील, न्हाणीघरात टाकी नसेल तर बसवून घे, बाकी लागेल ते तयार ठेव. ख्यालीखुशाली नाही, प्रेमाचा शब्द नाही. पुढच्या वर्षी घटस्फोट झाला.

---

नाणेवाला

आणि उपहासकवी जुव्हेनाल म्हणतो ना, ग्रॅकसांची आई कॉर्नेलिया बायको म्हणून नको, तिच्यापेक्षा व्हेनुसियाची साधी पोरगी परवडली. सिसेरोने तेव्हाच ऐकायला हवं होतं, पण जुव्हेनाल जन्मायला अजून शंभर वर्षं होती.